केळीचा करपा वरून तिसऱ्या-चौथ्या पानावर शोधा

बागेत करपा आलाय का हे पाहायला आपल्याकडे बहुतेक जण बांधावर उभे राहतात आणि खालच्या पानांकडे बघतात. खालची पानं जळालेली दिसली की करपा आला, फवारणी लावा. पण खालच्या पानावर जे जळालेलं दिसतं तो जुना करपा, कित्येक आठवड्यांपूर्वी त्या पानात शिरलेला. त्या पानाचं आता काही होणार नाही. आज बागेत जो करपा कामाला लागलाय तो वर असतो, पोंग्याखालच्या (पोंगा म्हणजे शेंड्याचं अजून न उघडलेलं पान) तिसऱ्या-चौथ्या पानावर, एक-दोन मिलिमीटरच्या फिकट रेघेत. तो बांधावरून दिसत नाही. त्यासाठी बागेत शिरून झाडाखाली उभं राहावं लागतं आणि मान वर करावी लागते.

आमची केळी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात. सासऱ्यांच्या काळात बसराई जात होती आणि पाटाचं पाणी होतं. आता ग्रँड नैन आहे, ठिबक आहे. खतं, औषधं, व्यापारी हे सगळं घरातली माणसं बघतात, पण बाग फिरून पानं पाहायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. पुतण्या शहरातली नोकरी सोडून शेतीत आला तेव्हा रोज एक पान तोडून आणायचा आणि विचारायचा, "काकू, हा करपाच हाये ना?" त्याला जे दाखवत गेले ते इथे लिहितेय. ज्यांनी केळी नवीन लावली आहे त्यांना याचा उपयोग व्हावा.

हा करपा म्हणजे सिगाटोका. बुरशीचा रोग. फिजी बेटावर सिगाटोका नावाचं खोरं आहे, तिथे १९१२ मध्ये हा रोग नोंदला गेला आणि तेच नाव जगभर चाललं. याच्या बुरशीचे प्रकार आहेत, एकाला पिवळा सिगाटोका म्हणतात, दुसऱ्याला काळा. त्यातला नेमका कोणता हे प्रयोगशाळेत ठरतं, नुसत्या डोळ्यांनी छातीठोक सांगता येत नाही. आपल्याला शेतावर ओळखायचं आहे ते एवढंच की हा सिगाटोका आहे की दुसरंच काही, आणि तो किती पुढे गेलाय. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, ग्रँड नैन, आपल्याकडच्या या सगळ्या जाती त्याला बळी पडतात, तेव्हा जातीवर भरवसा ठेवून पाहणी सोडू नका.

पानं मोजायची कशी

वरचा गुंडाळलेला पोंगा मोजायचा नाही. त्याच्या खालचं, पूर्ण उघडलेलं पान हे पहिलं. तिथून खाली दुसरं, तिसरं, चौथं. केळीची पानं गोल फिरत निघतात, त्यामुळे एका बाजूला उभं राहून मोजलं तर हमखास एखादं पान सुटतं. झाडाभोवती फिरत, पानाचे दांडे बघत मोजा. दोन-चार झाडं केली की नजर बसते.

तिसऱ्या-चौथ्याचंच एवढं का? पावसाळ्यात केळीला साधारण आठवड्या-दहा दिवसांत एक नवीन पान येतं. म्हणजे तिसरं पान उघडून तीनेक आठवडे झालेले असतात. बुरशी पानात शिरते ती पोंगा उघडताना किंवा पान अगदी कोवळं असताना, पानावर दव किंवा पावसाचं पाणी असेल तेव्हा. शिरल्यानंतर काही आठवडे बाहेर काहीच दिसत नाही. ज्या दिवशी पहिली रेघ उमटते त्या दिवशी पान तिसऱ्या-चौथ्या जागेवर उतरलेलं असतं. हे लक्षात घेतलं की आणखी एक गोष्ट कळते: तिसऱ्या पानावर रेघ दिसतेय म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पानातही बुरशी बहुधा शिरलेली आहे, फक्त दिसत नाही. थंडीत पानं निघायचा वेग मंदावतो, एकेक पान बरेच दिवस वर थांबतं. म्हणून मार्गशीर्ष-पौषात मी दुसरं पानही बघते.

उजेडात धरून पाहा

सकाळी दव ओसरल्यावर, ऊन डोक्यावर यायच्या आधी जा. भर दुपारी पान चकाकतं आणि फिकट रेघ नजरेतून निसटते. ओल्या पानावरही ती दिसत नाही, शिवाय ओल्या बागेतून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना आपल्या कपड्यांना लागून बीजाणू, म्हणजे बुरशीची सूक्ष्म बीजं, फिरतात.

लहान झाड असेल तर पान हातात धरून सूर्याकडे करा. उंच झाड असेल तर पानाच्या बरोबर खाली उभं राहा आणि आकाशाच्या उजेडात पान बघा. पान पातळ असतं, उजेड आरपार येतो, आणि त्या उजेडात रेघ ठळक होते. वरची बाजू पाहायला लांब बांबूला आकडी बांधून पान हळूच खाली ओढायचं. दांडा मोडू देऊ नका. दोन्ही बाजू पाहणं गरजेचं आहे, कारण पिवळ्या सिगाटोक्याची पहिली खूण पानाच्या वरच्या बाजूला आधी उठून दिसते, तर काळ्याची खालच्या बाजूला, तांबूस-तपकिरी बारीक ठिपक्यांच्या रूपात.

नजर आधी पानाच्या टोकाकडे न्या, मग काठाकडे, मग मधल्या शिरेकडे. वाऱ्यावरून आलेले बीजाणू पानाच्या टोकाकडे जास्त बसतात, तिथे ठिपक्यांची गर्दी होते. दवाच्या किंवा पावसाच्या थेंबाबरोबर वरच्या रोगट पानावरून ओघळलेले बीजाणू पोंग्यावर जिथून वाहत गेले तिथे रांगेत ठिपके देतात. पान उघडल्यावर ही रांग स्पष्ट दिसते. टोकाला गर्दी असेल तर रोग दुरून, शेजारच्या बागेकडूनही येत असेल. रांगा जास्त दिसल्या तर आपल्याच बागेतली जुनी पानं तो पुरवत आहेत. ही खूण मला फार उपयोगी वाटते, कारण पहिल्या बाबतीत शेजाऱ्याशी बोलावं लागतं आणि दुसऱ्या बाबतीत विळा हातात घ्यावा लागतो.

रेघेपासून डागापर्यंत

पहिली पायरी: फिकट पिवळसर-हिरवा ठिपका किंवा बारीक रेघ, एक-दोन मिलिमीटरची. मधल्या शिरेपासून काठाकडे ज्या बारीक आडव्या शिरा जातात त्यांना ती समांतर असते. हा समांतरपणा मनात पक्का करून ठेवा. कीड चावल्याचा, धूळ बसल्याचा, औषध सांडल्याचा डाग शिरांची दिशा पाळत नाही. सिगाटोका पाळतो.

दुसरी पायरी: रेघ लांबते, तीन-चार मिलिमीटर होते, रंग तांबूस-तपकिरी होतो. अजून ती बारीकच असते, पण आता उजेडाशिवायही दिसते. पुतण्याला मी सांगते की ओळखायचा शेवटचा दिवस हा धर. यानंतर जे होतं ते ओळखायला कुणाची गरज नाही.

तिसरी पायरी: रेघ रुंदावून लंबगोल डाग होतो. तपकिरी, मग जवळजवळ काळा, कडेने पिवळी झालर. डाग अजूनही शिरेच्या दिशेनेच लांबट असतो.

चौथी पायरी: डागाचा मधला भाग वाळून राखाडी होतो, कडा गडद तपकिरी राहते, बाहेर पिवळं वलय. भिंगातून पाहिलं तर राखाडी भागात काळे बारीक टिंब दिसतात. तिथे बुरशीची बीजं तयार होतात. हे भिंग शाळेच्या दुकानात मिळतं, महाग नाही, घेऊन ठेवा.

त्यानंतर डाग एकमेकांत मिसळतात, पानाचा मोठा पट्टा वाळतो, काठापासून आत जळत येतो, आणि पान दांड्यापाशी मोडून खोडाला लटकतं. बांधावरून दिसणारा करपा तो हा.

एकाच पानावर या सगळ्या पायऱ्या एकत्र दिसू शकतात. टोकाला राखाडी डाग, मध्ये तपकिरी रेघा, दांड्याजवळ फिकट ठिपके. असं दिसलं तर शंका ठेवू नका, तो सिगाटोकाच. बाकीच्या बहुतेक कारणांनी पान एकदम, एकाच रंगाने बिघडतं. पायरीपायरीने जाणं हे याचंच लक्षण.

जे करपा वाटतं पण करपा नसतं

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण चुकीच्या ओळखीने औषधाचा पैसा जातो आणि खरा रोग पसरत राहतो.

सगळ्यात महत्त्वाचा हरण्या, म्हणजे सीएमव्ही, काकडीवरचा मोझॅक विषाणू. त्याच्याही पिवळ्या रेघा असतात, म्हणून गल्लत होते. फरक असा. सिगाटोक्याची रेघ काही मिलिमीटरची, सुटी सुटी. हरण्याच्या पट्ट्या लांब, मधल्या शिरेपासून काठापर्यंत तुटक-तुटक जाणाऱ्या, हिरवा-पिवळा-हिरवा. सिगाटोका नव्या पानावर दिसत नाही, हरण्या अगदी नव्या पानावर दिसतो. आणि सिगाटोक्याने पानाचा आकार बदलत नाही, तर हरण्याने पान अरुंद होतं, काठ वाकडेतिकडे होतात, वाढ खुंटते, पोंगा सडतो. हरण्यावर बुरशीनाशकाचा काहीही उपयोग नाही. तो मावा पसरवतो. ते झाड कंदासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणं हाच मार्ग, आणि ते लवकर करावं लागतं. म्हणून पिवळी रेघ दिसली की पहिला प्रश्न हा: कितव्या पानावर? पहिल्या पानावर किंवा पोंग्यातच असेल तर फवारणी पंप बाजूला ठेवा आणि मावा शोधा. बागेत किंवा शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची असेल तर तिकडेही बघा, हा विषाणू आणि मावा दोन्ही तिथे राहतात.

पोटॅशची कमतरता. यात जुनी पानं टोकाकडून आणि काठाकडून नारिंगी-पिवळी होतात आणि भराभर वाळतात. पानाचं टोक आत वळतं, मधली शीर वाकते. पण सुटा डाग नाही, राखाडी मध्य नाही, पिवळं वलय नाही. झाडावर घड भरत असताना हे जास्त दिसतं, कारण केळीला पोटॅश भरपूर लागतं. इथे पाहायचं ते पिवळा आणि हिरवा भाग जिथे मिळतात त्या हद्दीवर. तिथे सुटे ठिपके, रेघा सापडल्या तर करपा, नुसता रंग बदललेला असेल तर खत.

खारं पाणी. जिथे विहिरीचं पाणी जड आहे तिथे काठाने बारीक जळालेली पट्टी येते, सगळ्या झाडांवर सारखीच. तिला डागाचं रूप कधी येत नाही.

थंडी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. पानं पिवळट पडतात, पोंगा अडकतो, निसवण (घड बाहेर पडणं) रखडते. नदीकाठच्या, सखल शेतात जास्त. थंडीचं नुकसान एका रात्रीत किंवा दोन-तीन रात्रींत, उघड्या बाजूच्या सगळ्या झाडांवर एकसारखं येतं. करपा असा सरसकट येत नाही, तो आधी काही झाडांवर येतो. अडचण अशी की थंडी आणि करपा यांचा मोसम एकमेकांत मिसळलेला आहे, आणि दोन्ही एकाच पानावर असू शकतात. तेव्हा पिवळेपणाकडे दुर्लक्ष करून फक्त रेघ शोधायची.

उन्हाळ्यातला तडाखा तर खानदेशात कुणाला सांगायला नको. एप्रिल-मेच्या उष्ण वाऱ्याने पानं फाटतात, काठ करपतात, पश्चिमेकडच्या ओळी आधी. त्याला आपण करपलं म्हणतो खरं, पण हा बुरशीचा करपा नाही. कोरड्या उष्ण हवेत सिगाटोका जवळजवळ थांबतो, त्याला पानावर ओल लागते. मे महिन्यात करप्याची फवारणी सुचवणाऱ्याला ताजी रेघ दाखवायला सांगा.

औषधाचा चट्टा. तेल घालून कडक उन्हात फवारलं की पान भाजतं. हे चट्टे थेंब साचला तिथे, पानाच्या खोलगट भागात, शिरांची दिशा न पाळणारे. फवारणीनंतर लगेच आलेले असतात, आणि नंतर वाढत नाहीत. एका चट्ट्याभोवती पेनाने रेघ मारून ठेवा. आठवड्याने चट्टा रेघेच्या आतच असेल तर रोग नाही.

बुरशीचेच आणखी दोन. कॉर्डाना नावाचा डाग मोठा, लंबगोल, त्यात एकाआत एक वलयं, आणि कडेला ठळक पिवळा रंग. तो बहुतेक काठाकडून, जुन्या किंवा आधीच जखमी पानावर येतो, कधी कधी सिगाटोक्याच्या डागावरच बसतो. फ्रेकल दुसरा: त्यात काळे बारीक ठिपके असतात आणि पानावरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. तो फळाच्या सालीवरही येतो. सिगाटोक्याचं पान बोटाला गुळगुळीतच लागतं आणि त्याचे डाग फळावर येत नाहीत.

खालची पानं पिवळी होऊन दांड्यापाशी मोडून खोडाभोवती लोंबत असतील आणि पानावर डागच नसतील, तर खोड आडवं कापून बघा. आत तपकिरी-लालसर रेषा दिसल्या तर ते मर रोगाचं लक्षण आहे. तो पानाचा रोग नाही आणि फवारणीचा विषय नाही. तिथली माती दुसरीकडे नेऊ नका, अवजारं धुवा, आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना कळवा.

कधी आणि बागेत कुठे

पाऊस पडून हवा दमट झाली की, म्हणजे आपल्याकडे जून-जुलैपासून, सुरुवात होते. जोर चढतो तो भाद्रपदापासून पुढे, पाऊस ओसरताना, दिवसा ऊन आणि रात्री दव. पान रात्रभर ओलं राहतं. ही ओल थंडीपर्यंत टिकते.

मृगबाग आणि कांदेबाग यांना तो वेगवेगळ्या वेळी गाठतो, हे नव्या माणसाने समजून घ्यावं. मृगात लावलेली बाग सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जोमात वाढत असते आणि पुढे निसवायची असते. म्हणजे करपा नेमका त्या पानांवर येतो जी घड पोसणार आहेत. कांदेबागेची लागण पावसाळ्यानंतरची, ती पुढच्या पावसाळ्यात निसवते आणि घड भरत असताना तिला करपा गाठतो. आणि निसवल्यानंतर केळीला नवीन पान येत नाही, एकही नाही. जी पानं आहेत त्यांच्यावरच कापणीपर्यंतचे तीन-साडेतीन महिने काढायचे. निसवताना झाडावर निदान आठ तरी चांगली पानं हवीत. कमी असतील तर फुगवण होत नाही, केळ कोनदार राहते, रास (घडाचं सरासरी वजन) घटते, आणि घड झाडावर किंवा गाडीत अवेळी पिकतो. रावेर-सावद्याहून दिल्लीकडे निघालेला माल वाटेत पिकला तर त्याला कुणी भाव देत नाही.

बागेत सुरुवात कुठून करायची? जिथे ओल शेवटपर्यंत टिकते तिथून. शेवरी किंवा गजराज गवताचं दाट कुंपण ज्या बाजूला आहे ती कड, पाणी साचणारा कोपरा, पिलं (बुंध्याशी फुटणारे नवे कोंब) न काढलेली ओळ, तण माजलेला भाग, पाच बाय पाच फुटांपेक्षाही दाट लागलेला पट्टा. शेजारी जुनी, सोडून दिलेली केळी असेल तर तिकडची बाजू. अशा ठिकाणी मला नेहमी पहिली रेघ सापडते. मग बागेत नागमोडी चालत दहा झाडं निवडा, खोडाला रंगाची खूण करा, आणि दर आठवड्याला तीच दहा झाडं बघा. दर वेळी वेगळी झाडं पाहिली तर रोग वाढतोय की थांबलाय हे कळणार नाही.

वहीत प्रत्येक झाडापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: वरून कितव्या पानावर पहिली रेघ दिसली, आणि चांगली पानं किती. पहिला आकडा आठवड्यागणिक लहान होत गेला, आधी सहावं पान, मग पाचवं, मग चौथं, तर रोग वर चढतोय. आकडा मोठा होत गेला तर झाड त्याला मागे टाकतंय. तज्ज्ञ याशिवाय पानावर किती भाग रोगट आहे याचे गुण देतात: दहापेक्षा कमी डाग असले तर एक, पाच टक्क्यांपर्यंत दोन, पंधरापर्यंत तीन, पानाच्या एक तृतीयांशपर्यंत चार, निम्म्यापर्यंत पाच, त्यापुढे सहा. कुणाला ते जमलं तर उत्तमच. माझं काम त्या दोन आकड्यांवर भागतं.

ओळख पटल्यावर

पहिलं काम विळ्याचं. पानाचा थोडाच भाग गेला असेल तर तेवढाच कापा. निम्म्याहून जास्त गेला असेल तर पूर्ण पान दांड्यापासून काढा. लटकलेलं वाळकं पान झाडावर ठेवणं सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक पावसात आणि दवात त्यातून बीजाणू सुटून वाऱ्यावर जातात. कापलेली पानं बागेबाहेर काढा. ते शक्यच नसेल तर एकावर एक रचून ठेवा, म्हणजे लवकर कुजतात आणि बीजाणू कमी उडतात. निसवलेल्या झाडाची पानं कापताना मात्र मजुरांजवळ उभं राहा. काम उरकायच्या घाईत हिरवं पान जातं, आणि ते परत येत नाही.

दुसरं, ओल कमी करा. पिलं वेळेवर काढा, तण काढा, साचलेल्या पाण्याला चर काढून द्या.

फवारणी तिसरी. रेघेच्या पायरीवर ती कामाची असते, राखाडी डाग कोणत्याही औषधाने भरून येत नाही. शिफारशीत प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिलि आणि त्यात मिनरल ऑइल १० मिलि असं सांगितलेलं आहे. तेल पाण्यात नीट मिसळलं पाहिजे, पंपात वर तरंगत राहिलं तर पानं भाजतात. पोंगा, वरची चार पानं आणि पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. सगळं औषध खोडावर आणि जमिनीवर गेलं तर फवारून उपयोग नाही. उन्हाच्या वेळी नको, पाऊस डोक्यावर असताना नको. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा लागली तर औषधाचा गट बदला, तेच तेच मारल्याने बुरशी त्याला दाद देईनाशी होते. डब्यावरचं लेबल वाचा, कापणीआधी किती दिवस थांबायचं ते त्यावर असतं. परदेशी जाणाऱ्या मालासाठी ते फारच काटेकोरपणे पाळावं लागतं. फवारणाऱ्या माणसाला हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडकं द्या. वरच्या पानांवर मारताना औषध त्याच्याच अंगावर पडतं.

शंका राहिली तर नमुना पाठवा

जळगावला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे. पानं घेऊन जाणाऱ्यांपैकी बरेच जण खालचं पूर्ण वाळलेलं पान नेतात, आणि त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तीन वेगवेगळ्या झाडांवरून घ्या, प्रत्येक झाडाचं तिसरं, चौथं आणि सहावं पान. पूर्ण पान नको, हातभर तुकडा पुरे, पण त्यात रोगट आणि निरोगी अशा दोन्ही भागांची हद्द असली पाहिजे. सकाळी दव ओसरल्यावर कापा, कोरड्या वर्तमानपत्रात सपाट गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, तासाभरात पान शिजतं आणि दुसरीच बुरशी चढते. उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, त्याच दिवशी पोहोचवा. सोबत कागदावर लिहा: गाव, जात, लागणीची तारीख, झाड निसवलं आहे की नाही, तुकडा वरून कितव्या पानाचा, पहिल्यांदा कधी दिसलं, शेवटची फवारणी कोणत्या औषधाची आणि कधी, आणि मागच्या आठवड्यात पाऊस किंवा दव किती होतं. फोनमध्ये पानाच्या दोन्ही बाजूंचे उजेडात धरून काढलेले फोटो, आणि एक पूर्ण झाडाचा, पोंग्यापासून खालच्या पानापर्यंत.